लाइन बंद!

माझी आई पंतप्रधान होऊन तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. त्याआधी अठरा वर्षं तिने पाण्याच्या पंपांचा कारखाना चालवला, आणि तिथे तिचा एकच नियम होता. बिघाड दिसला की कुणीही, अगदी झाडूवाल्या मावशींनीसुद्धा, ओरडायचं, ‘लाइन बंद!’ की सगळ्यांचे हात यंत्रांवरून वर. मग आई विचारणार, ‘कुठे?’ रागावणं नाही, काही नाही.

विरोधक तिला ‘पंपवाल्या बाई’ म्हणायचे. आई म्हणायची, ‘मग काय खोटं आहे त्यात?’

त्या दिवशी तिचं पाणी विधेयक मतदानाला होतं. पडलं असतं तर सरकारही गेलं असतं, आणि दोन्हीकडची मतं जवळजवळ सारखी! मी वर गॅलरीत, मांडीवर विधेयकाची प्रत घेऊन. आईचं भाषण घरी चारदा ऐकून पाठ झालेलं, म्हणून मी शेवटची जिल्ह्यांची यादी वाचत बसले. भूगोलाची उजळणी तरी होईल! एक, दोन... बारा.

बारा? आपले तर तेरा आहेत!

परत मोजले. बेटांचा जिल्हाच गायब! आणि खाली आई म्हणतेय, ‘एकही जिल्हा तहानलेला राहणार नाही.’ पुढचं मला कळलंच नाही. मी ताडकन उठले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘लाइन बंद!’

आईचे दोन्ही हात वर. भर सभागृहात! ‘कुठे?’

‘शेवटचं पान! बेटं नाहीत!’

हा हशा पिकला! रक्षककाकांनी माझं बखोट धरलं. विरोधी पक्षनेते गरजले, ‘अहो बाई, हा काय कारखाना आहे?’

आईने बोट फिरवत यादी मोजली. ‘कारखान्यात असला पंप मी फाटकाबाहेर जाऊ दिला नसता. चूक माझी. आधी दुरुस्ती, मग मतदान.’

बाहेर काका म्हणाले, ‘पोरी, आईची खुर्ची घालवलीस बहुतेक.’ मी नखं कुरतडत उभी. आत दुरुस्ती होऊन मतदान सुरू झालं, ते दाराच्या फटीतून बघत होते.

‘काय झालं? काका, सांगा ना!’

‘थांब की जरा! बेटांचे खासदार आजोबा उठलेत... अगं, बाजूने! एका मताने पास!’

मी काकांनाच मिठी मारली. टोपी पडली त्यांची!

बेटांचे म्हातारे खासदार काठी टेकत आले. ‘यादी मी कालच वाचली होती. मुद्दाम गप्प बसलो, विरोधातच मत देणार होतो. म्हटलं, बघू, आमची आठवण कुणाला होते.’ आणि गालातल्या गालात हसत निघून गेले.

मागून आई आली, लालबुंद. ‘सहा महिने गॅलरीत पाऊल टाकायचं नाही. अध्यक्षांचा आदेश आहे.’

‘आणि तू?’

‘मी? मी आहे अजून तिथेच,’ ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर मला उचलायलाच निघाली. मी तिच्याहून उंच आहे!