सहा मीटर तार

दुकानदाराने तिन्ही तारा काचेवर मांडल्या. वायरमनने त्यातली सगळ्यात जाड उचलली आणि चटका बसल्यासारखी परत ठेवली.

"टोकांना सोन्याचा मुलामा आहे, काका."

"स्पीकरला तार हवीय, दागिना नाही."

पस्तीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला तार विकणं सोपं नव्हतं. त्याने मधल्या तारेचं टोक नखाने सोलून आतलं तांबं पाहिलं, मग सगळ्यात स्वस्त तारेचंही पाहिलं.

"हेही तांबं, तेही तांबं. ही द्या. सहा मीटर."

"घरातल्या घरात हीच पुरते. माझ्याकडेही हीच आहे," दुकानदार म्हणाला. वायरमनचा जरा विरसच झाला. तो चांगला भांडायच्या तयारीने आला होता.

त्याची बायको स्टुलावर गालाला रुमाल लावून बसली होती. दाताच्या डॉक्टरकडून परतताना वाट वाकडी करून दोघं इथे आले होते. घरच्या स्टिरिओची तार वाळून तडकली होती आणि एक स्पीकर नुसता खरखरत होता.

दुकानदाराने तार मोजली, मधोमध कापली. "एका पदरावर लाल रेघ आहे बघा. ती दोन्ही स्पीकरना लाल क्लिपमध्येच लावा."

"मला शिकवता? बल्बला तार कशीही लावा, पेटतोच की."

"बल्ब पेटतो हो. स्पीकरचं तसं नसतं. एक उलटा लागला, की हा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो. वाजतात दोघंही, पण एकमेकांचा आवाज खातात. त्यात नुसता गळा असेल तर त्याची पार रया जाते."

बायकोने रुमाल खाली घेतला. "रया जाते म्हणजे काय होतं?"

"पातळ होतो, काकू. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. कुठून येतोय तेच कळत नाही."

घर येईपर्यंत ती बोलली नाही. दात काढलाय, दुखत असेल, म्हणून वायरमननेही छेडलं नाही.

तीस वर्षांपूर्वी रेडिओवर तिचं एक गाणं झालं होतं. साथीला कुणी नाही, नुसता गळा. तिथल्या माणसाने नंतर कॅसेट करून दिली. स्टिरिओ त्याच आठवड्यात घरात आलेला. वायरमनने स्वतः जोडला, शेजारपाजार गोळा केला आणि पहिली हीच कॅसेट लावली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच नणंद म्हणाली, "वहिनी, सर्दी झाली होती का गं?" सगळे हसले. तीही हसली. मनातून मात्र अगदी मेल्याहून मेल्यासारखी झाली. रेडिओची पुढे दोन बोलावणी आली, तेव्हा तिने घसा बसल्याचं कळवून टाकलं. तिसरं आलंच नाही. त्यानंतर भांडी घासतानासुद्धा ती कधी गुणगुणली नाही.

वायरमन स्पीकरमागे पालथा पडून जुनी तार सोडवू लागला.

"ती कशी लावली होती ते बघा आधी," बायको म्हणाली.

"आता त्याचं काय करायचंय?"

"बघा."

जुन्या तारेचे दोन्ही पदर काळेच होते. सवयीप्रमाणे त्याने एका पदराला गाठ मारली आणि बोटांनी चाचपत दुसऱ्या टोकापर्यंत गेला. डावीकडची बरोबर निघाली. उजवीकडची त्याने दोनदा तपासली, मग गुंडाळून खिशात घातली. नवी तार लावताना त्याने चष्मा पुसून घेतला आणि लाल रेघ लाल क्लिपमध्येच बसवली.

कॅसेट तिने चादरींच्या खालून काढून आणली.

आवाज आला तो दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, नुसत्या भिंतीतून आल्यासारखा. भरलेला, ठाम, खालच्या सुरातही न डगमगणारा. ती पलंगाच्या कडेला बसली. तिला रडू आलं नाही, तिला राग आला.

"चांगली गात होते मी," ती म्हणाली.

वायरमन अजून जमिनीवरच होता. तो स्क्रू-ड्रायव्हर सदऱ्याला पुसत राहिला.

"तेव्हाच विचारायचं होतंस मला."

"विचारलं होतं. सगळे गेल्यावर. म्हटलं, जोडणी एकदा बघता का?"

"मग? मी काय म्हणालो?"

त्याला खरंच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. गाणं संपलं. तिने कॅसेट पार सुरुवातीपर्यंत मागे घेतली.

"तुम्ही म्हणालात, नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली आणि बटण दाबलं.