मडगार्डला जोडलेली कमान

साधनाबाईंच्या पत्राला गफूरने आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. महाळुंगे पडवळहून आलेलं ते आंतरदेशीय पत्र ओतूरच्या त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात एका डब्यात पडून होतं. मजकूर मात्र त्याला पाठ झाला होता.

‘भाऊ, यांचा छोटा ट्रॅक्टर जुना. उलटला तर माणूस खाली सापडू नये म्हणून तुम्ही सीटमागं लोखंडी कमान बसवून दिलीत. म्हणालात, आता पलटी झाला तरी केसाला धक्का नाही. म्हणून ज्या उतारावर ते कधी जात नव्हते, तिथं गेले. ट्रॅक्टर उलटला, कमान काडीसारखी वाकली आणि हे गेले. घरातले म्हणतात, गोकुळला मस्ती आली होती. मस्ती होती की भरवसा, एवढं लिहा. मुलींना वाचून दाखवायचंय. फोन नको, फोनवर माणसं शब्द फिरवतात.’

आज खोडदचा सूरज तसलाच जुना, छोटा ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला.

“गफूरभाई, कमान टाकायचीय. वर दोन लायटी, मधी आईचं नाव. पाईप पातळच घ्या, लई वजन नको.”

“जोडू कुठं?”

“मडगार्डला. तुमीच जोडलेल्या बगितल्यात की मी.”

गफूरने मडगार्डवर तळवा दाबला. पत्रा टपकन आत गेला. सडक्या फळात बोट रुतावं तशी त्याला शिसारी आली. हा पत्रा त्याला वर्षानुवर्षं माहीत होता. गिऱ्हाइकाला झगमगाट हवा असे. तो रंग मारून द्यायचा आणि वर ‘सेफ्टी’ म्हणायचा.

“कमान मागच्या एक्सलच्या जाड लोखंडी घरावर बोल्टानं बसती, सूरज. ह्याच मॉडेलची, तपासलेली पायजे. शिवाय सीटला पट्टा. पट्टा नसंल तर माणूस भाईर फेकला जातो, मंग कमान वाचवणार कुणाला?”

“पट्टा?” सूरज हसला. “राव, नांगरायचंय मला, इमान न्हाई उडवायचं.”

“मग माझ्याच्यानं व्हणार न्हाई.”

“आन इतकी वर्षं काय बसवत व्हता?”

“घाण,” गफूर म्हणाला.

सूरजने ट्रॅक्टर चालू केला आणि समोरच्याच दुसऱ्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन लावला.

गफूर दुकानाचं शटर ओढून घरी गेला आणि कागद घेऊन बसला. बायकोने, चांदबीने, खांद्यावरून वाचलं.

“‘चूक झाली असेल’? असेल म्हंजे?”

“दुकान बसंल, चांदबी.”

“बसू दे. त्या पोरी आठ महिने काय ऐकत बसल्या असतील?”

त्याने कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं:

‘ताई, गोकुळभाऊंना मस्ती नव्हती. त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला. कमान मी पातळ पाइपाची केली आणि मडगार्डच्या पत्र्याला जोडली. ती टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी केसाला धक्का लागणार नाही, असं मी बोललो. मुलींना हे वाचून दाखवा. घरातल्यांनाही दाखवा.’

पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं.

“पाठवणाऱ्याचं नाव न्हाई टाकलं, चाचा.”

गफूरने पेन मागून घेतलं. नाव लिहिलं, खाली दुकानाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. अक्षर न अक्षर ठळक, दुकानाच्या पाटीवर काढतात तसं. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.