मोरबाबाच्या पंजाखालचं तिकीट

"मोरबाबा टाकी भरेपर्यंत दोन हातांवर राहिला नाही, तर भर रस्त्यात माझी मिशी उतरव!" वेल्डरने सलूनवाल्यापुढे हात केला.

"आणि राहिला तर?"

"वर्षभर माझी दाढी फुकट."

सलूनवाल्याने टाळी दिली. मैदानाशेजारच्या बिल्डिंगची टाकी भरायला चांगला अर्धा तास लागतो. एवढं धूड, अर्धा तास, नुसत्या दोन पंजांवर? पण वेल्डरची मिशी म्हणजे गल्लीचं नाक. ती हा गडी डावावर लावतोय म्हणजे त्याची श्रद्धा केवढी, असं सगळ्यांना वाटलं. त्याच्या बायकोलासुद्धा.

बायको बसमध्ये कंडक्टर. धक्के खात उभं राहून कंबर कामातून गेली, तेव्हा तिने घरच्या घरी आसनं सुरू केली. कापडात गुंडाळलेल्या दोन विटा, नवऱ्याचा जुना पट्टा, एक स्टूल आणि स्वयंपाकघराची भिंत, एवढाच तिचा संसार. मयूरासन म्हणजे पंजे जमिनीवर, कोपरं पोटात आणि बाकीचं अंग फळीसारखं आडवं हवेत. ती कपाळाखाली वीट घ्यायची, पायांखाली स्टूल. एक पाय सुटायलाच कितीतरी महिने गेले. "दुसरा सुटेल सावकाश," ती म्हणायची, "शेवटची बस थोडीच आहे!"

मग मैदानात मोरबाबाचा मांडव उभा राहिला.

"विटा कशाला? घर बांधायला! पट्टा कशाला? पॅन्ट सावरायला! भिंत कशाला? जाहिराती चिकटवायला!" बाबा माइक खाऊन टाकेल की काय असा गरजायचा. "आसनाला लागते फक्त शरणागती! आधार घेतो तो अडाणी, आधार सोडतो तो ज्ञानी!" मग चेले पडदा ओढायचे, पडदा सरायचा, आणि बाबा पायघोळ झग्यासकट हवेत आडवा. बायका डोळे पुसायच्या, पुरुष मोबाइल उंच धरायचे.

तीही भुलली. विटा टाकल्या, भिंत सोडली, स्टूल माळ्यावर गेलं. आणि एका सकाळी ती जी कोसळली, ती मनगट मोडूनच उठली. "मनात शंका होती," बाबाने निकाल दिला. डॉक्टर वेगळंच म्हणाले: "हे पुन्हा दुखावलं तर बसचा दांडा धरणं विसरा, बाई." म्हणजे नोकरीच विसरा. त्या रात्री नवरा तिच्या सुजलेल्या हातावर बर्फ धरून बसला होता. किती जीव लावतो, असं तिला वाटलं होतं.

आज टाकीचा पंप सुरू झाला, पडदा सरला आणि आडव्या बाबाने हवेतूनच फर्मान सोडलं, "त्या कंडक्टर ताईला स्टेजवर घ्या. प्लास्टर कापा. आज मी तिच्याकडून आसन करवून घेतो!"

मांडवात टाळ्या. ती नवऱ्याकडे वळली. "जाऊ ना हो?"

वेल्डरने मिशीवरून हात फिरवला आणि टाकीकडे बघितलं.

ती वर गेली. पाया पडायला वाकली आणि तशीच थांबली. बाबाची नखं गुलाबी होती. अंगाचा भार पंजांवर आला की तिची नखं पांढरीफटक पडायची, हात पानासारखे लटलटायचे. इथे बाबा आरामखुर्चीत पडल्यासारखा. फुकटे प्रवासी पकडण्यात तिची हयात गेली होती. तोंडावरचा असला निवांतपणा ती ओळखून होती. तिने पर्समधून बसचं तिकीट काढलं आणि बाबाच्या डाव्या पंजाखाली सरकवलं. ते सरळ आत गेलं. दाराखालून पेपर जावा तसं.

"बाबा, भार कुठाय तुमचा?"

"माते, दूर हो! तेज आहे, भाजशील!"

तिने चांगल्या हाताने झगा वर केला. उजव्या बाहीतून एक लोखंडी पाइप वर आलेला. खाली फळीला बोल्टने आवळलेला, वर पोटाखाली गादी लावलेली पत्र्याची बैठक. बाबा त्यावर पालथा पडलेला, कमरेला पट्टा बांधून!

चेले मागच्या मागे पसार. पडदा ओढायला कुणी नाही, बोल्ट सोडवायला कुणी नाही. बाबाने थोडी हातापायांची झाडाझाड केली, मग त्याचा धीर सुटला.

"अहो वेल्डर! बघताय काय? पाना आणा ना! तुमचा बोल्ट आमच्याने सुटतो का?"

सगळी मुंडकी वेल्डरकडे वळली. त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला. पाना खिशातच होता.

"तुम्ही बनवलंत हे?" ती वरूनच म्हणाली. आवाज चढला नाही.

"ऑर्डर होती... धंदा आहे गं."

"मी विटा टाकल्या तेव्हा तुम्ही बघत होता."

"मला वाटलं, चार दिवसांत सोडून देशील."

"हात मोडला तेव्हा बर्फ धरून बसलात. तेव्हा तरी बोलायचं! आणि आत्ता? आत्ता विचारलं ना मी, जाऊ का म्हणून?"

तेवढ्यात बिल्डिंगवरची टाकी भरून वाहू लागली, आणि वेल्डर बहाद्दराच्या तोंडून निघून गेलं, "पण टाकी भरेपर्यंत राहिला की नाही?"

"दोन हातांवर म्हणालात. हातांवर नव्हताच तो." मग ती लोकांकडे वळली. "आणि तुम्ही कसल्या माना डोलावताय? बाबालाही आधार लागतो. फक्त आपला उघडा, त्याचा झाकलेला. वीट घ्या, भिंत धरा, वर्ष लागलं तर लागू दे. यात लाज कसली? पण पडद्यामागे जे होतं, ते पडदा उचलून बघितल्याशिवाय मानू नका. कुणीही सांगो. घरचा सांगो नाहीतर बाहेरचा."

बाबाला सोडवलं ते पोलीस आल्यावरच.

संध्याकाळी सलूनवाल्याने खुर्ची रस्त्याच्या मधोमध मांडली. गल्ली लोटली होती. वेल्डर मान खाली घालून बसला. फेस लागला, वस्तरा चालला.

"वहिनी, अर्धी ठेवू का?"

"सगळी काढा, भावजी."

मिशी गेली. वेल्डरने उघड्या ओठावर बोट फिरवलं आणि तिची समजूत काढायला ओशाळं हसत विचारलं, "कसा दिसतोय?"

तिने त्याच्याकडे नीट, बराच वेळ बघितलं.

"ओळखू येत नाही," ती म्हणाली.

गल्ली खो खो हसली. ती हसली नाही. म्हणून मग तोही हसायचा थांबला.