निळी टी, लाल टी

ऑपरेशननंतर दातांच्या डॉक्टरांचा खांदा बरा झाला, पण पूर्वीसारखा फिरेना. तरी दर रविवारी ते बायको आणि तिच्या थोरल्या भावाबरोबर, म्हणजे मेव्हण्यांबरोबर, गोल्फला जात. पहिला फटका जिथून मारायचा, त्या टीच्या तिथे तीन जागा होत्या: निळी सगळ्यात मागे, पांढरी मधे, लाल सगळ्यात पुढे, चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्या होलच्या जवळ. मेव्हण्यांचा कायदा सरळ होता. पुरुष निळीवरून, बायका लालवरून. पांढरीवर त्यांच्या मते फक्त गवत उगवायचं.

एका होलसमोर तळं होतं. डॉक्टरांचा चेंडू हमखास त्यात जाई आणि मेव्हणे खो खो हसत. "जावईबापू, मासे पोटभर जेवले!" डॉक्टरही हसत, पण घरी आल्यावर कुणाशी धड बोलत नसत. बायको पोहणं शिकवायची. तिच्या दंडात इतका जोर, की लालवरून मारलेला चेंडू होलभोवतीची हिरवळ, म्हणजे ग्रीन, ओलांडून पार झाडीत जाई. "जरा बेताने मारत जा," असं भाऊ तिला बजावायचा.

त्या रविवारी तळ्यापाशी आल्यावर डॉक्टरांनी बॅग उचलली आणि ते लालच्या दिशेने चालू लागले.

"अहो, कुठे निघालात?" मेव्हणे ओरडले.

"माझ्या जागेवर."

"ती बायकांची टी आहे! मागे लोक थांबलेत, शोभा होईल!"

"होऊ दे. आजवर तळं भरत होतो, तेव्हा कुठे अब्रू वाढत होती?"

बायको लालपाशीच उभी होती. तिने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःची बॅग खांद्याला लावली.

"मग मी मागे जाते."

"निळीवरून? तू?" भाऊ म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"दादा, लहानपणी झाडावर चढले तेव्हाही हेच म्हणाला होतास."

"आणि पडलीस!"

"शेंड्यावरून पडले. तू खालीच होतास."

निळीवर जाऊन तिने त्वेषाने फटका मारला. चेंडू थेट तळ्यात.

"झालं समाधान?"

"नाही." तिने दुसरा चेंडू ठेवला, श्वास सोडला आणि मारला. तो पाणी ओलांडून पलीकडच्या गवतात पडला. मग लालवरून डॉक्टरांनी मारला. फटका साधाच होता, पण चेंडू ग्रीनच्या कडेला जाऊन थांबला. कोरडा. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले.

"असले थेर करायचे असतील तर माझ्याबरोबर नको," मेव्हणे म्हणाले.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "चहाला मात्र थांबा."

मेव्हणे थांबले नाहीत. पाठ फिरवून तरातरा निघून गेले. नवरा-बायकोने उरलेला खेळ दोघांतच पुरा केला. तिने आणखी चेंडू हरवले, डॉक्टरांनी एकही नाही.

परतताना क्लबच्या काउंटरवरच्या माणसाने पुढच्या रविवारच्या नोंदणीचं विचारलं. "मॅडमना लाल टी ना?"

"मला निळी," ती म्हणाली. "लाल यांना."

"सरांना... लाल?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"हो. आणि हळू कशाला बोलताय? मोठ्याने सांगा की!"