दोन रात्रींचा उजेड

"आधी न्हाव," गुरुदास दारातच म्हणाला आणि त्याने लेकीच्या हातातली बॅग काढून घेतली. "काल सांजे तिका न्हेली. दुपारपर्यंत वाट बघली तुझी."

तीन दिवसांच्या प्रवासानंतर देवकी म्हापशाहून बस धरून लाटंबार्सेला पोचली होती. बसमध्ये कुणी ओळखीचे भेटले नव्हते. त्यामुळे उंबऱ्यापर्यंत तिची आई, पद्मावती, जिवंतच होती.

विहिरीवर ती कळशीमागून कळशी अंगावर ओतत राहिली.

मंगळवारी सकाळी शेजारच्या सगुणने आपल्या दुकानातून देवकीच्या वेधशाळेत फोन केला होता. "काकीचां बरां नाय. येवन जा," एवढेच तो म्हणाला. त्याच दुपारी खबर आली, उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट टिपला आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठे तरी एक तारा कोसळला होता. असा स्फोट काही सेकंदांत संपतो, पण त्याच्या मागे राहिलेली झळाळी दोन-तीन रात्री दिसते, तासातासाला विझत जाते. त्या उजेडाच्या लहरी एकाच दिशेने कंप पावतात का, म्हणजे तो ध्रुवित आहे का, हे मोजण्यासाठी देवकीने चार वर्षे खपून यंत्र बांधले होते. इतका तेजस्वी स्फोट त्या चार वर्षांत पहिलाच. फक्त दोन रात्री, तिने ठरवले आणि सगुणच्या दुकानात तसा निरोप ठेवला. आई याआधीही दोनदा अशी आजारी पडली होती आणि आठवड्याभरात उठून मिरच्या घेऊन म्हापशाच्या बाजाराला गेली होती.

दुसऱ्या रात्री ढग आले. पहिल्या रात्रीचे आकडे देवकीने आगगाडीत मांडीवर वही धरून पुन्हा पुन्हा मांडले. ध्रुवीकरण एक टक्का, मोजण्यातली चूक दीड टक्क्याची. म्हणजे हाती काहीच नाही. ते नाहीच, असेही छातीठोक म्हणता येत नव्हते.

गुरुदासने पेजेचे वाडगे तिच्यापुढे सरकवले.

"काल सकाळपर्यंत शुद्धीवर होती," तो म्हणाला. "दारात पावलां वाजली की विचारी, देवकी काय?"

देवकीने चमचा उचलला आणि ठेवला.

"तू मंगळवारीच निघाली असतंस तर..." पुढचे त्याने गिळले. मग विचारले, "ज्याच्यासाठी रवलंस, तां तरी गावलां?"

"नाय, बाबा. कायच नाय."

तो नुसता मान हलवत राहिला. मग पेज गार झाली म्हणून वाडगे उचलून आत गेला. ते परत आणायचे त्याला सुचले नाही.

संध्याकाळी सगुण आणि वाडीतली दोघे-तिघे येऊन ओट्यावर बसली. कुणी तरी खाकरले.

"मी फोन केलंय तेवा निघाली असतीस तर भेट जाली असती गे," सगुण म्हणाला.

देवकी जमिनीकडे पाहत होती. बोलला तो गुरुदास.

"तिचां काम अडलेलां. असलो उजेड वर्सांवर्सां दिसत नाय." त्याने ओट्याच्या कडेवर हात ठेवला. "आणि गावलां तिका. मोठां काम जालां."

गावात जमिनीचे भांडण झाले की साक्षीला गुरुदासलाच बोलावीत. पाहिले तेवढेच सांगणारा माणूस. सगुणने लगेच मान डोलावली.

"मग बरां जालां. काकीचो जीव निवलो."

माणसे उठून गेली. देवकी बापाकडे वळली.

"बाबा, असां कित्याक सांगितलात?"

गुरुदास ओट्याच्या कडेची सुकलेली माती नखाने खरवडत होता.

इतक्यात शांता आली. ती पद्मावतीची बाजाराची सोबतीण, दर शुक्रवारी दोघी एकाच बसने म्हापशाला जात. तिने देवकीचे दोन्ही हात धरले.

"सगुण वाटेत सांगी होतो. गावलां म्हणता तुका. खरां मां गे? तुका न बघता गेली ती. म्हणान विचारतंय."

देवकीने ओट्याकडे पाहिले. बापाचे नख थांबले होते.

"होय, मावशे," ती म्हणाली. "गावलां."

शांता पदर तोंडाला लावून रडू लागली. गुरुदास उठला आणि आत गेला.