ओर्हेईजवळचं कलिंगड

"वाटेत एकदा जरी पडलो, तर तिथूनच गाडी वळवायची. शपथ घे."

लेकीच्या लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने माझ्याकडून ही शपथ घेतली. मी घेतलीही. नाहीतर तो उंबरठा ओलांडायला तयार नव्हता.

माझा नवरा तुदोसे सत्तावीस वर्षं आमच्या सोरोकाहून राजधानी किशिनाऊपर्यंत बस चालवायचा. सहा वर्षांपूर्वी त्याला फिट यायला लागल्या, लायसन गेलं आणि माणूस घरात बसला. फिटला तो भीत नव्हता, चारचौघांत पडायला भीत होता. एकदा भर बाजारात पडला, पँट ओली झाली आणि बघ्यांमध्ये त्याचेच जुने प्रवासी होते. तेव्हापासून चर्च नाही, बाजार नाही, कुणाचं बारसं नाही. आणि आता आमच्या एकुलत्या एक डोइनाचं लग्न, तेही इटलीत, व्हेरोनाला. ती तिथे म्हाताऱ्यांची सेवा करून कमावते. "बाबा आले नाहीत तर मी चर्चच्या दारातच उभी राहीन," असं तिने फोनवर बजावलं होतं. हट्टात पोरगी बापावर गेली आहे.

विमानतळापर्यंत गाडी मी चालवणार होते. पन्नाशी उलटल्यावर मी लायसन काढलं, नवऱ्याकडून शिकून, म्हणजे बोलणी खाऊन.

सकाळी निघालो तर शेजारची ल्याना फाटकासमोर पाण्याने भरलेली बादली घेऊन उभी. निघताना भरली बादली आडवी आली की काम फत्ते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बादली आपसूक आडवी यावी लागते. ही बाई उजाडल्यापासून ताटकळली होती.

"दोन आणायच्यास," तुदोसे तिला म्हणाला. "हिच्या ड्रायव्हिंगला एक पुरायची नाही."

वाटभर तोंड चालू. "गिअर बदल, रडतोय तो." "आरसा केस बघायला नसतो, बाई." आणि उजवा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर. वाटेतल्या ओर्हेई शहराच्या अलीकडे तो एकदम गप्प झाला. क्षणभर मला बरं वाटलं आणि लगेच मी वळून त्याच्याकडे बघितलं. हा माणूस असा गप्प बसत नाही.

त्याची मान वळली, हात ताठ झाले. मी गाडी रस्त्याकडेच्या विहिरीपाशी थांबवली, पट्टा सोडवला, सीट मागे पाडून त्याला कुशीवर केलं आणि घड्याळ बघितलं. तिथे कलिंगडं विकणारा एक म्हातारा चमचा घेऊन धावत आला.

"दातांत घाल, दातांत! जीभ गिळेल तो!"

"चमचा तुमच्या दातांत घालीन," मी ओरडले. "जीभ कुणी गिळत नसतं. सावली धरा!"

बिचारा टोपी काढून दारात सावली धरून उभा राहिला. दोन मिनिटं दहा सेकंद. मग तुदोसेचं अंग सैल पडलं आणि तो घोरू लागला. पँट कोरडी होती. मी त्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. किती वेळ, डोकं आपटलं का, विमान किती वाजता, सगळं विचारून त्या म्हणाल्या, "झोपू दे तासभर. उठल्यावर ओळखलं, नीट बोलला, तर गोळी वेळेवर दे आणि जा. नाहीतर मला परत फोन कर."

म्हणजे आडवी येत होती ती फक्त माझी शपथ. विहिरीवर लाकडी क्रूस होता. त्याच्याकडे पाठ केली आणि मी ठरवलं.

"आजोबा, तुम्ही काही पाहिलं नाही."

"पाहायचंय काय? दमलेला माणूस झोपलाय." लग्नाचं कळल्यावर त्याने मागच्या सीटवर एक भलंमोठं कलिंगड ठेवलं. "नवरीला माझ्याकडून."

तासाभराने तुदोसेने डोळे उघडले. "मी काय...?"

"झोपला होतास." माझा आवाज मलाच खोटा वाटला. "सांग बघू, आपला जावई काय करतो?"

"फरशा बसवतो आणि फार बोलतो." त्याने कलिंगडाकडे बघितलं, खिडकीबाहेर टोपी हातात धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "काढ गाडी. आणि गिअर रडवू नकोस."

किशिनाऊच्या विमानतळावर त्याने ते कलिंगड माझ्या हाताला लागू दिलं नाही. विमानातही मांडीवर घेऊन बसला. मी मात्र अडीच तास त्याच्याकडेच बघत होते. त्याने डोळे मिटले की मी घड्याळ बघायची.

चाकं जमिनीला टेकली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या विमानाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"सत्तावीस वर्षं बस नेली," तुदोसे पुटपुटला, "एकाने टाळी वाजवली नाही."

मला राहवेना. "तुदोसे, ओर्हेईजवळ तू..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"डोळे उघडले तेव्हापासून. जीभ चावली गेलीय माझी. आणि तो रस्ता मला शिकवतेस? त्यातला तासभर गेला कुठे? शिवाय तुझ्या गाडीत झोपेल असा माणूस अजून जन्माला यायचाय."

"मग गाडी वळव का नाही म्हणालास?"

तो कलिंगडावरून हात फिरवत राहिला. "परक्या माणसाने मला पडताना बघितलं, अग्लाये. भर रस्त्यात. आणि त्याने कलिंगड दिलं. म्हटलं, पडल्यावर एवढंच होणार असेल तर जाऊ या पुढे."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. विमान थांबलं. त्याने कलिंगड माझ्या मांडीवर ठेवलं, मधल्या वाटेत ताठ उभा राहिला आणि माझ्याकडे तोंड करून एकटाच टाळ्या वाजवायला लागला, बसच्या स्टिअरिंगवर रुंद झालेल्या त्या पंजांनी. सगळं विमान माना वळवून बघू लागलं. मी त्याची बाही ओढली.

"खाली बस रे, लोक बघतायत."

"बघू देत," तुदोसे म्हणाला, आणि लोकांना मोठ्याने सांगितलं, "ड्रायव्हर ही आहे!"