इस्त्रीवालीची वीस मिनिटं

मी एक जुनी निळी योगा मॅट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी चिडलेली आहे. गोड गोष्ट हवी असेल तर उशीकडे जा.

कारखान्यात मला लाटलं, कापलं, गुंडाळलं. दुकानाच्या कोपऱ्यात मी वर्षभर उभी होते. तिथून मला एका बाईनं नेलं. ती लाँड्रीत इस्त्री करायची, दिवसाचे आठ तास उभ्यानं. तिला सहावा महिना लागला होता. कंबर धरायची, आणि संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा लागत नसे. दवाखान्यातल्या नर्सबाई दर मंगळवारी गरोदर बायकांचा योगवर्ग घ्यायच्या. डॉक्टरांनीच तिला तिकडे पाठवलं.

नर्सबाई कडक. "श्वास कोंडायचा नाही. पाठीवर पडून राहायचं नाही, डाव्या कुशीवर वळा. गरगरलं की थांबा. इथे कुणाला बक्षीस नाहीये!" बायका हसायच्या. माझी इस्त्रीवाली भिंतीला टेकून हात वर घ्यायची, ओणवी होऊन कंबर सैल सोडायची आणि शेवटी वीस मिनिटं डाव्या कुशीवर पडायची. दिवसभरात तेवढीच वीस मिनिटं तिला कुणी हाक मारत नसे. महिन्याभरात कंबर हलकी झाली. ती मला ओल्या फडक्यानं पुसायची, तेही हलक्या हातानं.

मग सासूबाईंना कळलं की वर्गात हात वर करायला लावतात.

"अगं, नाळ गुंडाळेल बाळाच्या गळ्यात! बंद कर ती थेरं."

"आई, नर्सबाई म्हणाल्या, तसं काही नसतं."

"नर्सबाईंना किती पोरं आहेत?"

याच सासूबाई रोज सकाळी ओल्या चादरींची बादली तिच्या हातात देऊन तिला गच्चीवर पाठवायच्या. दोरीवर चादर टाकताना हात कुठे जातात हो? तेव्हा नाळ सुट्टीवर असते वाटतं!

नवरा बसड्रायव्हर. मनानं वाईट नाही, पण अतिशहाणा. "वर्ग राहू दे. मोबाईल आहे ना, मी शिकवतो." त्यानं व्हिडिओ लावला. तो पोट सपाट करायचा होता! नीट बघायची तसदी कोण घेणार?

"अहो, पाठीवर नको म्हणाल्यात."

"दोन मिनिटांनी काय होतंय? श्वास धर. एक, दोन, तीन..."

दहा व्हायच्या आत तिचे ओठ पांढरे पडले. तो मोजतच होता! तीच धडपडत डाव्या कुशीवर वळली आणि सावरली.

सासूबाई म्हणाल्या, "बघ, योगानंच झालं." नवरा म्हणाला, "ही मॅटच घसरडी आहे." मी घसरडी! गळक्या वॉशिंग मशीनखाली मला कोंबलं. तीन आठवडे मी साबणाचं पाणी पीत पडले. समोर तिचे सुजलेले पाय दिसायचे, आणि मला ओरडता येत नव्हतं.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, तिनं मला ओढून काढलं, पुसलं, थेट बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर अंथरलं आणि ती आडवी झाली.

"अगं, मॅच चाललीय!" नवरा.

"चालू दे. मी झोपलेली आहे, टीव्ही उभा आहे."

"कुणी आलं तर काय म्हणेल?" सासूबाई.

"म्हणावं, सुनेचे पाय सुजलेत, दाबायला बसा." ती डाव्या कुशीवर वळली. "आई, उद्यापासून चादरी मी नेणार नाही. मंगळवारी मी वर्गाला जाणार. आणि अहो, त्या व्हिडिओतला व्यायाम तुम्ही करा. तुमचं पोट सुटलंय."

वीस मिनिटं ती हलली नाही. मंगळवारी ती खरंच गेली, आणि नववा महिना भरेपर्यंत जात राहिली.

आता माझ्या कडा फाटल्यात. पण मला जपा, पुसा, गुंडाळून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी रबर आहे, मला काय होतंय? राग वेगळाच आहे. त्या घरात पोटातल्या बाळाची काळजी सगळ्यांना होती. ज्या बाईच्या पोटात ते होतं, तिला आडवं व्हायला हातभर जागा भांडून घ्यावी लागली.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला विचारा, मी पोटात असताना तू कधी विसावलीस? आणि विचाराल तेव्हा बाबांना समोर बसवा. उठू देऊ नका.